दोन खाचा वर

ताई, फूटरेस्ट मीच वर केला होता. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी, अंगणात गाडी स्टँडवर लावून. एलन-कीने बोल्ट सैल केला, दोन्ही बाजूंचे फूटरेस्ट दोन-दोन खाचा वर फिरवले आणि पुन्हा आवळले. दहा मिनिटांचं काम. पुढच्या वेळी तू मागे बसलीस आणि मेहकरचं बसस्टँड ओलांडायच्या आत विचारलंस, "संजू, हे वर केलं का बे तू?" मी म्हणालो, "नाही. आहे तेवढंच आहे."

तुझ्या शिक्षक मंडळींनी तुझ्यावर एक लहानशी पुस्तिका काढायचं ठरवलंय. भावाने दोन पानं लिहावीत असा निरोप आला, सोबत नमुनाही आला. जन्मगाव, शिक्षण, रुजू तारीख, बदल्या, पुरस्कार, पश्चात परिवार. मी तो बाजूला ठेवला. ते सगळं तुझ्या सेवापुस्तकात आहे, तू स्वतः तपासलेलं, दोन ठिकाणी कारकुनाच्या चुका लाल पेनाने दुरुस्त केलेलं. माझ्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे आणि ती मोटरसायकलच्या मागच्या फूटरेस्टची आहे. त्यांना छापायची तर छापतील.

माझी मुलगी नोकरीला लागली त्या वर्षी मी ती उंच, लांब पल्ल्याची गाडी घेतली. बायको वैशाली एकदा मागे बसली, "घोड्यावर बसवल्यासारखं वाटतं" म्हणून कोपऱ्यावरच उतरली आणि नंतर कधी बसली नाही. तू तेव्हा नुकतीच निवृत्त झाली होतीस. गाडी पाहायला आलीस, तिच्याभोवती एक फेरी मारलीस, टायरवर टिचकी मारलीस आणि म्हणालीस, "याच्यावर माह्या सात शाळा होतीन."

तुझ्या नोकरीत सात शाळा झाल्या. लोणारकडची, सिंदखेडराजाकडची, देऊळगाव राजाच्या बाजूची, जानेफळ रस्त्यावरची, आणि वर शेगावच्या पलीकडे संग्रामपूर तालुक्यातल्या तीन. त्यातल्या सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळेत तू पहिल्यांदा रुजू झालीस. या सगळ्या गावांना तू एस.टी.ने, ट्रॅक्टरने, दुधाच्या टेम्पोने गेली होतीस. आता एकदा स्वतःच्या मर्जीने, कुठल्याही हजेरीची घाई नसताना जायचं होतं. क्रमही ठरवलास, जवळून दूर. पहिली शाळा सगळ्यात शेवटी.

भाऊजी म्हणाले, "कारनं जाऊ न आपण." तू म्हणालीस, "कारमंधून शेत दिसते, रस्ता दिसत नाही." भाऊजींनी पेपर उचलला.

पहिल्यांदा नुसतं लोणारच्या सरोवरापर्यंत जाऊन आलो. तू आयुष्यात पहिल्यांदा दोन्हीकडे पाय टाकून बसलीस, त्यासाठी खास पंजाबी ड्रेस शिवून घेतलास, आणि कॉलनीतून बाहेर पडेपर्यंत ओढणीने तोंड झाकून घेतलंस. परत आल्यावर उतरलीस, कमरेवर हात ठेवलास आणि निकाल दिलास, "सीट चांगली आहे. पण पाय ठेवाची जागा लय वर आहे. सगळा रस्ता उकिडवं बसल्यावानी वाटलं." तुझं म्हणणं बरोबर होतं. त्या गाडीचे मागचे फूटरेस्ट सीटच्या मानाने उंच आहेत. तिशीच्या माणसाला चालतात. साठीकडे निघालेल्या बाईचे गुडघे पोटाशी येतात.

तर फूटरेस्ट बदलायचे ठरले, आणि तिथून माझं शहाणपण सुरू झालं.

मी बांधकाम खात्यातला इंजिनिअर. मला कुठलीही वस्तू मोजल्याशिवाय घेता येत नाही. दोन महिने मी व्हिडिओ पाहिले. कोणी म्हणे सरळ खाली उतरणारा जोड लावा, कोणी म्हणे त्याने टाच सायलेन्सरला लागते. कोणी म्हणे रबरवाले घ्या, कोणी म्हणे पावसात रबर निसटतं. तू तेवढ्या वेळात एकदा अकीलभाईच्या गॅरेजला गेलीस, तिथे कुठल्याशा दूधवाल्याच्या गाडीला लावलेली रुंद, सपाट पाटी पाहिलीस आणि मला फोन केलास.

"सापडलं. अकीलभाई बनवून देते म्हणते. पाय मागं-पुढं सरकवता येते त्याच्यावर."

"ताई, ती दूधवाल्याची गाडी आहे."

"मंग? दूधवाल्याले पाय नसतात?"

"दिसायला कसं दिसेल ते?"

"मी मागं बसणार आहो न बे. मले कुठं दिसते."

मी ऐकलं नाही. ऐकलं नाही म्हणजे कारण दिलं. पाटीची रुंदी, वाऱ्याचा अडथळा, बाजूला लावलेल्या सामानाच्या डब्यांशी होणारी अडचण. खरं कारण एवढंच की इतक्या गाजावाजाने घेतलेल्या गाडीला मला दूधवाल्याची पाटी नको होती. पन्नाशी ओलांडलेला माणूस रस्त्यावरच्या अनोळखी पोरांना आपली गाडी कशी दिसेल याची काळजी करतो, आणि मागे बसलेल्या बहिणीच्या गुडघ्यांची करत नाही. हे लिहितानाही माझी मलाच चीड येते.

मग मी टेप घेऊन तुझ्या घरी आलो. तू स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून लसूण सोलत होतीस. मी खाली बसून तुझं माप घेऊ लागलो, कंबर ते गुडघा, गुडघा ते तळवा.

"खुर्चीवर काय मोजून राह्यला? मले गाडीवर बसव अन् मंग मोज."

"कोन मी काढून घेतो. सोपं आहे."

"गणित कोणं शिकवलं बे तुले?"

"तूच."

"मंग माह्यं ऐक न. गाडीवर बसलेला गुडघा अन् खुर्चीवरचा गुडघा एक नसते."

भाऊजी दारातून म्हणाले, "संजू, तिचं सलवारचं माप घेऊन राह्यला का? टेलर झाला का तू?" तू लसणाची पाकळी त्यांच्या दिशेने फेकलीस. मी आकडे वहीत लिहिले, कोन काढला आणि शेवटी जे निवडलं ते हे, खाचांचे फूटरेस्ट. मूळ फूटरेस्टच्या जागी एक छोटा लोखंडी हात बसतो. त्याच्या गोल तोंडाला खाचा असतात, बोल्ट सैल करून हात फिरवायचा आणि हव्या त्या खाचेत आवळायचा. जितका खाली फिरवाल तितका गुडघा मोकळा. मला वाटलं, आता वादच मिटला. तुला जसं हवं तसं लावता येईल.

भाऊबीजेला मी तेच दिले. या एका गोष्टीवरून मी अजूनही स्वतःवर चिडतो, कारण पुढचं सगळं तिथूनच बिघडलं. दरवर्षी साडी आणणारा मी, या वर्षी काहीतरी वेगळं म्हणून तो खोका आणला. तू ओवाळलंस, मी खोका ताटात ठेवला, ताट वजनाने एका बाजूला कललं, सुपारी घरंगळली. तू खोका उघडून एक फूटरेस्ट हातात घेतलास, उलटासुलटा पाहिलास.

"हे काय, दरवाज्याची बिजागरी?"

भाऊजी म्हणाले, "लोकं बहिणीले सोनं देतात. तुह्या भावानं लोखंड देल्लं."

पण तू खूश होतीस. रात्री तुझ्या मैत्रिणींना फोन करून सांगितलंस, हे वैशालीने मला सांगितलं. भावाने माझ्या पायासाठी गाडीला खास वस्तू आणली. आणि ओवाळणीत आलेली वस्तू तू कधी तपासायची नाहीस, तिला कधी नावं ठेवायची नाहीस. मी एकदा आणलेली साडी दोन धुण्यांत विरली होती, तरी तू शेजारणीला म्हणालीस, माझ्याच साबणाचा दोष. हे मला माहीत होतं. हे माहीत असतानाच मी तुला खोटं सांगितलं, म्हणून इथे लिहितो.

अकीलभाईने ते सगळ्यात खालच्या खाचेत लावून दिले. आपण लोणारकडच्या शाळेत गेलो. परत येताना सुलतानपूरला चहाला थांबलो तेव्हा तू म्हणालीस, "आता कसं, खुर्चीवानी वाटते. मापं बरोबर निंगाले बे तुहे." तू मला शाबासकी दिलीस अशा वेळा आयुष्यात मोजक्याच. त्यातली ही एक.

अडचण माझी होती. तो हात खाली फिरला की थोडा पुढेही येत होता. गाडी थांबवून मी पाय जमिनीवर टेकवला की फूटरेस्टचं टोक थेट माझ्या पोटरीवर बसायचं. गतिरोधक आला, टेकव पाय. म्हशी आडव्या आल्या, टेकव पाय. त्या एका दिवसात दोन्ही पोटऱ्या काळ्यानिळ्या झाल्या. वैशाली मलम लावताना म्हणाली, "ताईंना सांगा ना. काहीतरी दुसरं बसवून घ्या."

मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू पहिलं वाक्य हेच बोलली असतीस की मी पाटी सांगितली होती. पाटी मागच्या बाजूला राहिली असती, माझ्या पोटरीला लागली नसती. हे मला अंगणात गाडीजवळ उभं राहून नीट समजलं होतं. पण दोन महिने व्हिडिओ पाहून, वहीत कोन काढून, शेवटी दूधवाल्याची पाटी बरोबर निघाली हे तुझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा मला एलन-की सोपी वाटली.

आणि मग तू विचारलंस, आणि मी नाही म्हणालो.

ताई, मला तुझा खरा राग इथे येतो. तू आयुष्यभर माझ्याशी प्रत्येक गोष्टीवर वाद घातलास. भेंडीत चिंच घालावी की आमसूल. समृद्धीवर मोटरसायकलला बंदी का, आणि ती मी का उठवत नाही, जणू तो महामार्ग मी माझ्या खिशात घेऊन फिरतो. माझ्या लग्नपत्रिकेतल्या चार चुका तू मांडवात सगळ्यांसमोर दाखवल्यास. कंडक्टरशी, तहसीलदाराशी, देवळाच्या पुजाऱ्याशी वाद घातलास. आणि जिथे तू शंभर टक्के बरोबर होतीस, जिथे वाकून नुसतं एकदा पाहिलं असतंस तरी मी पकडला गेलो असतो, तिथे तू म्हणालीस, "असं का? मंग माह्याच पायात काही असंन."

का ऐकलंस माझं? त्या एका दिवशी का?

जानेफळच्या रस्त्यावर तू दोनदा थांबायला लावलंस. सिंदखेडराजाकडच्या शाळेला जाताना तीनदा. देऊळगाव राजाच्या बाजूच्या शाळेच्या फाटकाशी तुला गाडीवरून उतरताच येईना. मी धरून उतरवलं. सामानाच्या डब्याला धरून तू कितीतरी वेळ उभी होतीस, पायात रक्त उतरायची वाट पाहत. शिपायाने धावत खुर्ची आणली. तुझ्या हाताखाली शिकलेला एक माणूस आता तिथे मुख्याध्यापक आहे, तो "बाई, बाई" करत आला, आणि मी त्याच्याकडे पाहून हसत म्हणालो, "वय झालं आता बाईंचं."

सगळे हसले. तूही हसलीस. मग वर्गात गेलीस आणि पोरांना पाढे विचारलेस, बसून.

येताना तू मागून एकदाही रस्ता सांगितला नाहीस. तुझ्या घरी उतरताना म्हणालीस, "बाकीच्या तीन राहू दे संजू. माह्यं शरीर आता साथ देत नाही."

तेव्हा मला काय वाटलं तेही लिहितो. थोडं सुटल्यासारखं वाटलं. आता कोणी मागून रस्ता सांगणार नाही. पुढच्याच महिन्यात मी एकटा शेगावला गेलो, तिथून संग्रामपूरकडे वळलो, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी तुझ्या पहिल्या शाळेसमोर गाडी उभी करून फोटो काढला. तुला पाठवला. खाली लिहिलं, "तुझ्या वतीने जाऊन आलो." मला वाटलं, तुला आनंद होईल. तुझं उत्तर आलं, "चांगलं केलं. छपरावरचे पत्रे नवीन दिसतात. कडुनिंब कुठे गेला?" मी कडुनिंब पाहिलाच नव्हता. विचारलाही नव्हता कोणाला.

मग एक दिवस भाऊजी भेटले, औषधाच्या दुकानात. हातात गुडघ्याला लावायचे पट्टे. म्हणाले, "अकोल्याले दाखवून आणलं तिले. डॉक्टर म्हणते वयाच्या मानानं गुडघे चांगले आहेत. मंग हे दुखते काऊन, मले समजत नाही. रोज संध्याकाळी तेल लावून देतो." गाडीवर बसणं थांबून कितीतरी आठवडे झाले होते. दुखणं बहुधा गेलंही असेल. पण तू घरात जिना टाळायला लागली होतीस. खाली मांडी घालून बसायचं बंद केलं होतंस. आपले गुडघे गेले हे तू मनावर घेतलं होतंस, आणि ते मी तुझ्या मनात घातलं होतं.

त्यानंतर मी दोनदा तुझ्याकडे आलो, खरं सांगायला. दोन्ही वेळा घरून ठरवून निघालो. पहिल्यांदा तू दार उघडताच म्हणालीस, "हेल्मेटचा पट्टा लावत नाही तू, खिडकीतून पाह्यलं मी." मी म्हणालो लावला होता. तू म्हणालीस नव्हता. वीस मिनिटं आपण त्या पट्ट्यावर भांडलो, आणि मी चहा न घेता निघून गेलो. दुसऱ्यांदा मी फार शांतपणे सुरुवात केली. "ताई, तुझ्या गुडघ्यांबद्दल बोलायचंय." तू हात वर केलास. "मले आता गुडघ्याचं भाषण नको. अर्ध्या मेहकरनं देल्लं. कोणी मेथी सांगते, कोणी डिंक सांगते. तुले काही दुसरं बोलाचं असंन तं बस, नाही तं जा." आणि मी गेलो. एवढा राग आला होता मला की फाटकही आपटलं. माणूस माफी मागायला येतो आणि त्याला बसू देत नाही ही बाई, असं स्वतःशी बडबडत घरी आलो. वैशालीने विचारलं, सांगितलं का? मी म्हणालो, ती ऐकूनच घेत नाही.

खरं म्हणजे एक वाक्य होतं ते. फाटकातून ओरडूनही सांगता आलं असतं.

तिसऱ्यांदा मी आलो तेव्हा अंगणात चपलांचा ढीग होता.

मागच्या आठवड्यात तेरवी झाली. जेवणाआधी श्रद्धांजलीचे चार शब्द बोलायची आपल्याकडे पद्धत. माइक आणला होता. तुला तो कर्कश वाटला असता आणि तू उठून आवाज कमी करायला लावला असतास. एकामागून एक उठले आणि तू कशी शांत, सोशिक, कधी कोणाला उलटून न बोलणारी होतीस हे सांगू लागले. ताई, तू आणि सोशिक. मला वाटलं, हे कोणा दुसऱ्याच बाईच्या तेरवीला आलेत. पण ते मी ऐकून घेतलं, सगळीकडे असंच बोलतात. मग तुझ्याबरोबर नोकरी केलेल्या एक बाई उठल्या. चांगल्या मनाच्या आहेत, त्यांचा दोष नाही. म्हणाल्या, "मॅडमची शेवटची इच्छा सातही शाळा पुन्हा पाहण्याची होती. भावाने केवढी हौस केली, गाडीला खास व्यवस्था करून घेतली. पण मॅडमच्या गुडघ्यांनी दगा दिला."

लोकांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. भाऊजींनी मान हलवली आणि डोळे पुसले.

मी उठलो. बोलायला माझं नाव शेवटी होतं, पण मी तेव्हाच उठलो आणि त्या बाईंच्या हातातून माइक घेतला. घरून लिहून आणलेला कागद खिशातच राहिला. वैशालीने माझा सदरा मागून ओढला, मी सोडवून घेतला. मंडपात सगळे होते. तुझे विद्यार्थी, कॉलनीतले, सोयरे, तो देऊळगाव राजाकडचा मुख्याध्यापक, ज्याच्यासमोर मी तुझ्या वयाची थट्टा केली होती. मी सगळं सांगितलं. पाटीचं, पोटरीचं, दोन खाचांचं. मागच्या रांगेत कोणीतरी कुजबुजलं, "हे काय इथं काढून राह्यला?" कोणाला खाचा म्हणजे काय ते समजलं नसावं. समजावून सांगायला मी थांबलो नाही.

भाऊजी माझ्याकडे पाहत होते. माइकशिवाय, हळूच म्हणाले, "तेल लावून देत होतो न बे मी तिले. रोज. तवा सांगाचं होतं."

"हो भाऊजी," मी म्हणालो. "तवाच सांगाचं होतं. तुमचीही माफी मागतो." मला मोकळं करणारं काही ते बोलले नाहीत, आणि तसं त्यांनी बोलावं अशी माझी अपेक्षाही नाही.

मग मी तुझ्या फोटोकडे वळलो. लोक ऐकत होते याची लाज वाटत होती, तरी माइक तोंडाशीच धरला, कारण थट्टाही मी लोकांसमोरच केली होती. म्हणालो, "ताई, तू इचारलं होतं, हे वर केलं का. हो. मीच केलं. तुहे गुडघे बरोबर सांगून राह्यले होते. मी खोटं बोललो, अन् चार लोकांत तुले म्हातारी म्हटलं. माह्यं चुकलं. मले माफ कर."